ब्युरेटवर आलेला आकडा

छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि त्याचा परिसर नागसेनवन. ही दोन्ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. राजा मिलिंद प्रश्न विचारत राहतो, भिक्खू नागसेन उत्तरं देत राहतो. विद्यार्थ्याने शिक्षकाजवळ बसून प्रश्न सोडवत जाणं म्हणजे काय, ते या नावांतच आहे.

बाबासाहेब स्वतः या वाटेने गेले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आधी प्रश्न, मग तो ऐकून घेणारा प्राध्यापक, मग भर बैठकीत मांडणी, मग छपाई. संशोधनाकडे जाण्याचा क्रम आजही हाच आहे.

ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच मूल आहे, तिथे हा क्रम सांगणारं कोणी नसतं. मार्क चांगले असतात. पण बी.एस्सी. नंतर संशोधनही करता येतं, पीएच.डी. करताना फेलोशिप मिळू शकते, शिफारसपत्र नावाची एक गोष्ट लागते, हे त्याच्या कानावर पडतं तेव्हा बहुतेक वेळा फॉर्मची तारीख उलटलेली असते. हुशारी पुरेशी असते, माहिती उशिरा पोचते. अमेरिकेत यासाठी रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाने सरकारी कार्यक्रम चालतो. मॅकनेअर हे कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या अपघातात गेले. या कार्यक्रमातल्या किमान दोनतृतीयांश विद्यार्थ्यांचं घर कमी उत्पन्नाचं असावं आणि ते घरातले पहिले पदवीधर होणारे असावेत, अशी अट आहे. आपल्याकडे असा एकच एक कार्यक्रम नाही. तुकडे आहेत, ते जोडावे लागतात.

सुरुवात दुसऱ्या वर्षापासून करावी. प्रश्न लहान आणि गावातलाच हवा. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीला नहरीतून येणारं पाणी, हॉस्टेलच्या बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी, यांत सगळ्यात जड कोणतं? कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये हे मोजता येतं. पन्नास मिलिलिटर पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घालायचा. द्रावण वाइनसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलरचं ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. शेवटच्या एका थेंबाला लालसरपणा जाऊन निळा रंग येतो. तिथे थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. आलेल्या मिलिलिटरला वीसने गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम जडपणा ते कळतं.

खरं शिकणं इथे सुरू होतं. समजा पहिलं रीडिंग १४.२ आलं आणि दुसरं १४.९. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण काय करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरंही १४.२ लिहितो आणि सरांची सही घेतो. मार्गदर्शक मॅडम शेजारी उभ्या असतील तर म्हणतील, ‘१४.९ आलंय ना? मग १४.९च लिही. आता तिसऱ्यांदा कर, आणि फरक का पडला ते खाली लिही.’ ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता की रंग बदलल्यावरही ईडीटीए पडत राहिलं? हा शोध नोंदवहीत तारखेसह लिहायचा, खोडाखोड न करता. मला वाटतं, मार्गदर्शनाचं अर्धं मोल या एका सवयीत आहे. ती पुस्तकातून लागत नाही, शेजारी उभं राहणारं माणूस लागतं.

वर्षभराच्या अशा नोंदींतून पोस्टर तयार होतं. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा होते आणि त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे. बक्षीस मिळालं तर उत्तमच, पण परक्या परीक्षकाने ‘नमुना सकाळी घेतला की दुपारी?’ असं विचारलं आणि नोंदवहीत उत्तर सापडलं, ही कमाई मोठी.

पुढचा तुकडा उन्हाळ्याचा. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आणि अन्य दोन राष्ट्रीय अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. सुमारे दोन महिने नामांकित संस्थेत काम आणि विद्यावेतन. ऊसतोडीच्या किंवा मजुरीच्या घरातल्या मुलाला सुट्टीत कमवावंच लागतं. म्हणून विद्यावेतन नसेल तर ‘संधी’ हा शब्द त्याच्यासाठी पोकळ आहे. अर्ज मात्र हिवाळ्यातच भरायचा असतो, आणि ‘मला काय करायचं आहे’ हे टिपण त्यात लिहावं लागतं. तिथे पाण्याची ती नोंदवही कामी येते. आयआयटीत एम.एस्सी. साठी ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत होते, तिचाही फॉर्म काही महिने आधी.

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांची ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी आहे. तिच्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी जाग येणाऱ्याला वेळ उरत नाही.

राहिलं शिफारसपत्र. ‘विद्यार्थी मेहनती व होतकरू आहे’ असं पत्र निवड करणारा बाजूला ठेवतो. ‘दोन रीडिंग जुळत नव्हती, त्याने स्वतःहून सात वेळा टायट्रेशन केलं आणि चूक ब्युरेटमध्ये होती हे शोधून काढलं’ असं पत्र तो पुन्हा वाचतो. असं पत्र लिहायला सरांना आठवावं लागतं. म्हणून किमान तीन आठवडे आधी जा, आणि जाताना नोंदवही बरोबर न्या.