दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड थंड राहतं, मग त्याचा प्लग का वितळतो?

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड ३० जानेवारी २०२५ ला बाजारात आलं. भारतातली सुरुवातीची किंमत होती २ लाख १४ हजार रुपये. दोन आठवडे होत नाहीत तोच वितळलेल्या प्लगचे फोटो सोशल मीडियावर फिरायला लागले. प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पिन काळ्या झालेल्या. गेमर मंडळींना लगेच २०२२ आठवलं, कारण तेव्हा आरटीएक्स ४०९० च्या बाबतीत हेच झालं होतं.

एवढं महागडं कार्ड आणि जळतंय काय, तर वायरचा प्लग! असं का होतं, ते समजून घेऊ.

मिक्सरएवढी वीज, पण करंट वीसपट

५०९० ला पूर्ण ताकदीने चालताना ५७५ वॅट वीज लागते. म्हणजे साधारण आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी. मिक्सर तर वर्षानुवर्षं साध्या प्लगवर चालतो, मग इथे काय अडचण आहे?

फरक आहे व्होल्टेजचा. घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, त्यामुळे ५७५ वॅटसाठी फक्त अडीच अँपिअर करंट पुरतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मात्र कार्डला १२ व्होल्ट देतो. तेवढ्याच वॅटसाठी इथे करंट लागतो जवळपास ४८ अँपिअर. आणि वायर किंवा पिन तापते ती करंटमुळे. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते.

हा ४८ अँपिअरचा भार बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठ्या प्लगमधून जातो. त्यात १६ पिन असतात. ४ छोट्या पिन फक्त सिग्नलसाठी, उरलेल्या १२ पैकी ६ मधून करंट कार्डात येतो आणि ६ मधून परत जातो. प्रत्येक पिनच्या वाट्याला आले ८ अँपिअर. पिनची क्षमता साधारण साडेनऊ अँपिअर. आकडा बसतो, पण काठोकाठ.

जुना ८ पिनचा प्लग आठवून बघा. त्याच्यावर अधिकृत भार फक्त १५० वॅटचा होता, आणि त्याच्या पिन याच्या जवळपास दुप्पट सहन करू शकत होत्या. शिवाय त्या जाड होत्या, एकमेकींपासून लांब होत्या. नव्या प्लगने जागा वाचवली, पण ती गाळलेली जागा सुरक्षेच्या खात्यातली होती.

आधी म्हणाले, 'नीट बसवला नाही'

४०९० च्या वेळी प्लग पूर्ण आत न ढकलल्यामुळे हे होतं, असं तपासात पुढे आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्याला सुमारे ५० प्रकरणं माहीत असल्याचं सांगितलं आणि हेच कारण दिलं. मग प्लगचं डिझाइन सुधारलं गेलं. सिग्नलच्या पिन आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्ड चालूच होणार नाही. ५०९० वर हाच सुधारित प्लग आहे, नाव '१२व्ही-२बाय६'.

पण फेब्रुवारी २०२५ मध्ये 'डेअर बाउअर' नावाने ओळखला जाणारा जर्मन ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग याने ५०९० च्या प्रत्येक वायरमधला करंट वेगवेगळा मोजला. एका वायरमधून २० अँपिअरपेक्षा जास्त करंट जात होता, तर काही वायर जवळपास आराम करत होत्या. काही मिनिटांतच पॉवर सप्लायकडच्या टोकाला तापमान १५० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं. इतर काही जणांनी हीच चाचणी केली तेव्हा मात्र करंट बऱ्यापैकी समान वाटला गेला. म्हणजे प्रत्येक कार्डात हा घोळ होतोच असं नाही, आणि होतो तेव्हा वापरणाऱ्याला कळत नाही.

कारण असं आहे. कार्डात शिरल्या शिरल्या सहाही पिन एकत्र जोडल्या जातात. एखाद्या पिनचा संपर्क किंचित सैल असेल, त्यावर मळ असेल, तर करंट तिथून कमी जातो आणि राहिलेला भार शेजारच्या पिनवर पडतो. कार्डाला फक्त एकूण करंट दिसतो. आधीच्या ३०९० टीआय कार्डात सहा पिनच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीचा करंट वेगळा सांभाळला जायचा. ती सोय पुढे काढून टाकली गेली. खरं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात न पटणारी गोष्ट हीच आहे.

मग कूलिंग काय करतं?

चिपचं कूलिंग उत्तम आहे. एनव्हिडियाच्या स्वतःच्या 'फाउंडर्स एडिशन' मध्ये सर्किट बोर्ड आखूड करून मध्यभागी ठेवलाय, त्यामुळे दोन्ही पंख्यांची हवा जाळीतून आरपार जाते. चिपवर नेहमीच्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे. त्यावर वेपर चेंबर, म्हणजे धातूची पोकळ, बंद पेटी. तिच्यातला थोडासा द्रव चिपपाशी वाफ होतो, ती वाफ थंड भागाकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि उष्णता पसरते. इतकं करून कार्डाची जाडी ४०९० पेक्षा कमी, तीन स्लॉटऐवजी दोन.

पण ही सगळी यंत्रणा चिपसाठी. स्क्रीनवर तापमान सत्तरीच्या घरात, सगळं छान दिसत असतं, आणि तेव्हाच प्लग भाजत असू शकतो. तिथे तापमान मोजणारं काहीच नाही. असुसच्या 'रॉग अ‍ॅस्ट्रल' या महागड्या मॉडेलमध्ये प्रत्येक पिनचा करंट मोजून सॉफ्टवेअरमधून इशारा देण्याची सोय आहे, पण करंट समान वाटून देणं त्यालाही जमत नाही.

कार्ड घरात असेल तर

पॉवर सप्लायसोबत आलेलीच केबल वापरा. प्लग फट राहणार नाही इतका ढकला, आणि दुसऱ्या टोकाकडेही बघा, ते बऱ्याचदा विसरलं जातं. प्लगच्या अगदी तोंडाशी वायर वाकवू नका. सारखी काढ-घाल करू नका, असे प्लग सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेले असतात. जळका वास आला किंवा खेळताना स्क्रीन अचानक काळी झाली, तर पुन्हा चालू करण्याआधी मेन स्विच बंद करून प्लग काढून बघा.

सगळ्यात सोपा उपाय फुकटात आहे. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. ५७५ चे ४६० वॅट होतात, करंट ४८ वरून ३८ अँपिअरवर येतो आणि वायर-पिनमधली उष्णता तब्बल ३६ टक्क्यांनी घटते. फ्रेम थोड्या कमी होतात, पण खेळताना बहुतेकांना ते जाणवणारही नाही.