भांगातली रेघ

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. गणपतीत रंगवलेल्या केसांची मुळं त्या हिशेबानं दिवाळीपर्यंत जवळजवळ दोन सेंटिमीटर उघडी पडतात, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दिसत असल्यानं पट्टा त्याच्या दुप्पट रुंद वाटतो. दिवाळीआधीच्या आठवड्यात बेगडेवाडीहून लोकल पकडून तळेगावचं नाहीतर चिंचवडचं पार्लर गाठणाऱ्या बायकांची घाई या पट्ट्यापायीच असते.

पट्टा दोन तऱ्हांचा. आईचा, काळ्या रंगाखालून डोकावणारा पांढरा. आणि लेकीचा, सोनेरी हायलाइटखालून उतरणारा काळा. दोघींची तक्रार एकच, "मुळं दिसायला लागली." दोघींना मिळणारा सल्लाही बहुधा एकच, मुळांवर परत रंग. मला तो अर्धाच पटतो. नजरेला खटकते ती दोन रंगांमधली सरळ कड. ती मोडली, की तोच पट्टा महिना-दोन महिने कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कड मोडायला पूर्ण रंगकामाच्या मानानं फार थोडा वेळ लागतो.

आधी लेकीचं. पार्लरच्या मापात 1 म्हणजे काळाभोर आणि 10 म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपले केस बहुतेक 1 ते 3 मध्ये बसतात. सोनेरी दिसायचं तर 8 च्या आसपास न्यावे लागतात. ब्लीच केसातलं काळं-तपकिरी रंगद्रव्य आधी फोडतं, तांबूस-पिवळं मागे उरतं. म्हणून आपला केस काळ्यावरून थेट सोनेरी होत नाही. वाटेत तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. पिवळेपणा मारायला जांभळा टोनर, नारिंगीवर निळा.

आता मुळं वाढली. पुन्हा ब्लीच लावायचं तर टाळूजवळचा भाग अंगाच्या उष्णतेनं लवकर उडतो आणि जुन्या लांबीपेक्षा उजळ निघतो. शिवाय ब्लीच जरा खाली सरकलं, तर आधीच उडालेल्या केसावर दुसरा मारा होतो आणि केस तिथंच तुटतो. युरोपात 'बेस ब्रेक' नावाचा झटपट उपाय चालतो: सौम्य डेव्हलपरनं, म्हणजे पेरॉक्साइडनं, मुळं पाच-दहा मिनिटांत एखादी छटा उजळायची. तिथल्या गव्हाळ केसांवर तो छान दिसतो. आपल्या केसांवर त्यातून तांब्याचा रंग निघतो, तेव्हा इंटरनेटवरचा व्हिडिओ दाखवून तो मागू नये.

आपल्याला चालतो तो उलटा रस्ता, शॅडो रूट. मुळं उजळायची नाहीत, सोनेरीच थोडं गडद करायचं. हायलाइट धुऊन झाल्यावर, बेसिनवरच, ओल्या केसांत अमोनिया नसलेला किंवा नावापुरता असलेला डेमी-परमनंट (धुता धुता उतरणारा) रंग मुळांपासून खाली दोन-तीन सेंटिमीटर लावतात. छटा स्वतःच्या केसाच्या जवळची, एखाद्या मापानं उजळ. मग ब्रशनं किंवा बोटांनी तो बटेवर खाली ओढतात. एका बटेवर जास्त, शेजारच्या बटेवर कमी. हे कमी-जास्त हीच सगळी कारागिरी. सगळीकडे सारखा ओढला तर जुनी कड जाऊन तिच्याखाली नवी कड उभी राहते. दहा-पंधरा मिनिटांत धुऊन टाकायचं. त्याहून चटपटीत प्रकार म्हणजे रूट टॅप, फक्त मुळाशी सेंटिमीटरभर रंग ब्रशनं टेकवत जायचं. आणि मुळं फारच उतरली असतील, तर भांगाला आणि कपाळाच्या रेषेला सुईच्या दोऱ्याएवढ्या बारीक बटा घेऊन तेवढ्याच उजळायच्या. पॅरिसच्या सलूनमध्ये 1970 च्या दशकात रुळलेलं बालयाज याच विचारातून आलं: रंग मुळापासून न लावता मोकळ्या हातानं लांबीवर फिरवायचा, म्हणजे वाढलेल्या मुळांना कडच मिळत नाही. काळ्या मुळांच्या आपल्या बायकांना ही फॅशन सोयीची आहे. सावली निसर्गानंच दिलेली असते.

आईचा पट्टा जास्त हट्टी. काळा 1 नंबर रंग लावला की पांढरं मूळ आठवड्याभरातच चमकतं. त्यावर पहिला उपाय, काळा सोडून 3 किंवा 4 ची तपकिरी छटा घेणं. फरक कमी झाला की रेघही मवाळ होते. दुसरं म्हणजे टच-अप फक्त मुळांवर. दर वेळी लांबीभर, म्हणजे पार्लरच्या भाषेत 'ग्लोबल', केला तर टोकं शाईसारखी काळी आणि निर्जीव होतात. पांढरे भरपूर असतील, तर थोडे पांढरे तसेच ठेवून मधे बारीक उजळ बटा सोडतात. घाईच्या वेळी भांग किंचित नागमोडी पाडला, तरी सरळ रेघ तुटते. हे फुकट आहे, म्हणून कुणी सुचवत नाही.

पार्लरमध्ये पहिला प्रश्न "मेंदी लावता का?" असा असतो, आणि तिथं पुष्कळजणी लाजून नाही म्हणतात. खरं सांगावं. मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतं, म्हणून पांढरा केस नारिंगी होतो आणि तसाच राहतो. लोखंडी कढईत चहाचं पाणी आणि आवळा घालून भिजवलेली मेंदी काळपट उतरते, ती लोखंड आणि टॅनिनच्या संयोगानं. जुन्या काळी शाईही अशीच करत. पाकिटातल्या काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो आणि तुटतो. निळीची पूड लावलेला केस ब्लीचनं हिरवटही होतो. मानेजवळची चार केसांची बट कापून आधी तिच्यावर प्रयोग करणं शहाणपणाचं.

'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पाकिटांत मेंदीपेक्षा पीपीडी हे रसायन काम करत असतं. तेच बऱ्याच गडद कायम रंगांचाही कणा आहे. युरोपात डोक्यावर लागताना त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. कुणाकुणाला त्याची ॲलर्जी होते. खाज सुटते, पापण्या सुजतात. वर्षानुवर्षं लावणाऱ्या बाईलाही एखाद्या वर्षी अचानक होऊ शकते. म्हणून कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबायचं. वसुबारसेला पार्लर गाठलं तर हे 48 तास मिळतच नाहीत. आठ-दहा दिवस आधी जावं.

राहिलं नरकचतुर्दशीचं अभ्यंग. डेमी-परमनंट रंग आणि टोनर कढत पाण्यानं आणि चोळून धुण्यानं भराभर उतरतात. तेल लावावं, पण डोक्यावर कोमटच पाणी घ्यावं, शिकेकाई घासू नये. उटण्यात हळद असेल तर सोनेरी बटा आधी पंचात गुंडाळून घ्याव्यात. उडवलेला केस हळद पटकन पितो, आणि मग भाऊबीजेच्या फोटोत जांभळ्या टोनरची सगळी मेहनत पिवळी निघते.