केसपेपरवरच्या चार ओळी

भातकापणीचे दिवस. अंधार पडता पडता भारे रचताना उघड्या पावलाला काहीतरी लागतं आणि माणूस किंचाळतो. कोकणात ही किंचाळी ऐकली की काय झालं ते कुणाला विचारावं लागत नाही. कुणी कांदा चोळतो, कुणी पाणी मंतरतो, कुणी विंचू उतरवणाऱ्याला हाक मारायला धावतो. उतरवणाऱ्याच्या हाताला गुणही यायचा. कारण बहुतेक दंश जीव घेणारे नसतातच. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या नांगीने ठणक्यापलीकडे सहसा काही होत नाही. जीव घेतो तो बोटभर लांबीचा, फिकट तांबूस विंचू. जांभ्याच्या गडग्यात, लाकडाच्या ढिगात, गवताच्या भाऱ्याखाली तो असतो.

हा लाल विंचू चावला की आधी उलट्या सुरू होतात. मग घाम फुटतो, अंगातला सदरा पिळून काढावा इतका. तोंडात लाळ भरते. हातपाय बर्फासारखे पडतात. काही तासांनी माणसाला धाप लागते, त्याला आडवं होता येत नाही, छातीतून घरघर ऐकू येते आणि शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. सकाळी धडधाकट शेतावर गेलेला माणूस किंवा अंगणात खेळणारं पोर दुसऱ्या सकाळी नसे. १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रात अशा गंभीर अवस्थेत दवाखान्यात पोचलेल्यांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के दगावत.

१९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीत वाढलेले, नागपूरला एम.बी.बी.एस. झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाबद्दल फारसं काही नव्हतं. फुप्फुसात पाणी होऊन हे रुग्ण जातात, हे १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं. पण करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. अॅट्रोपिन, स्टिरॉइड, अॅलर्जीवरची इंजेक्शनं, गुंगीच्या औषधांचं मिश्रण असं जे हाताशी असेल ते दिलं जाई. त्यातली काही औषधं मदत करण्याऐवजी घातच करत होती, हे पुढे कळलं.

बावस्करांनी पहिल्यांदा काय केलं, तर ते रुग्णाशेजारी बसले. बसून लिहिलं. चावला किती वाजता, उलटी किती वाजता, नाडी किती, रक्तदाब किती, पाय गार कुठपर्यंत. पुन्हा अर्ध्या तासाने तेच. ग्रामीण दवाखान्यातला केसपेपर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे: पातळ कागद, वर नाव, वय, गाव, खाली घाईत खरडलेल्या चार ओळी. त्या चार ओळींत या डॉक्टरांनी घड्याळ आणलं. माझ्या मते विंचूदंशाच्या कथेतला खरा शोध इथेच लागला. औषध नंतर आलं.

कारण त्या नोंदींतून एक विसंगती वर आली. हातपाय गार, घामाने निथळलेला रुग्ण पाहिला की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो ‘शॉक’, म्हणजे रक्तदाब कोसळलेला. पट्टा बांधून पाहावं तर पहिल्या काही तासांत बऱ्याच जणांचा रक्तदाब उलट चढलेला! पाय गार, तरी दाब जास्त. असं कसं?

विंचवाचं विष मज्जातंतूंच्या पेशींवरची सोडियमची दारं नीट मिटू देत नाही. नसा सारख्या पेटत राहतात आणि शरीरात वादळ उठतं. आधीच्या लाटेत घाम, लाळ, उलट्या, मंद नाडी. मागून दुसरी लाट येते ती अॅड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांची. त्यांनी हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून पाय गार. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाण्याचा जोर मागे चढतो, तसा आवळलेल्या वाहिन्यांवर जोर लावून लावून हृदय थकतं आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. गुलाबी फेस तिथून येतो. म्हणजे या रुग्णाला दाब वाढवणारं औषध देणं हा उपाय नव्हे. आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. १९८२ साली बावस्करांचा धोक्याच्या पूर्वखुणांवरचा लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापला.

मधल्या काळात ते पुण्याहून एम.डी. झाले आणि पुन्हा महाड-पोलादपूरच्या परिसरात आले. शहरात थांबता आलं असतं. आल्यावर त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. वाहिन्या सैल करणारं हे जबरदस्त औषध. पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, उजेडापासून झाकावं लागतं आणि डॉक्टरला रुग्णाच्या उशापासून हलता येत नाही. एकट्या डॉक्टरने रात्रभर असे किती जण सांभाळायचे? मग त्यांच्या हाती प्राझोसिन आलं. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली, तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी. नेमक्या ज्या जागी ती अॅड्रेनलिनची द्रव्यं वाहिन्यांना आवळतात, तीच जागा ही गोळी अडवते. १९८६ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ही गोळी सर्रास वापरात आल्यावर मृत्यूंचं प्रमाण काही टक्क्यांवर आणि पुढे एका टक्क्याच्या आसपास आलं. अतिदक्षता विभाग नाही, व्हेंटिलेटर नाही, एक गोळी आणि रात्रभर जागणारा माणूस.

त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ज्या गोळीने नाव दिलं, तिच्यावर माणूस बहुधा विसावतो. बावस्कर दांपत्य विसावलं नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष तयार होऊ लागलं होतं. ते प्राझोसिनच्या जोडीला द्यावं की नको, यावर मतं होती, पुरावा नव्हता. त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांची चाचणी केली. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता निवड यादृच्छिक ठेवली. ३५ जणांना प्रतिविष आणि गोळी, ३५ जणांना नुसती गोळी. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते. नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी वेळ लागला तो अनुक्रमे ८ तास आणि १७.७ तास. म्हणजे आपलीच गोळी एकटी पुरेशी नाही, प्रतिविष जोडीला हवं, हे त्यांनी स्वतः सिद्ध केलं आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या सन्मानाइतकाच हा ७० जणांचा तक्ता मोलाचा वाटतो.

न पटणारी गोष्ट झटकून टाकायची नाही, लिहून ठेवायची, ही सवय मुंबईतही होती. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि सेठ जी.एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसांचं रक्त विचित्र वागताना दिसलं. तपासणीत ते ‘ओ’ गटासारखं दिसे. पण खऱ्या ‘ओ’ रक्ताशी जुळवायला घेतलं की गुठळ्या होत. ‘ओ’ तर सर्वांना चालणारं रक्त! प्रयोगशाळेची चूक म्हणून नळ्या धुऊन टाकणं सोपं होतं. तसं झालं नाही. लंडनमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या रक्तगटतज्ज्ञांसह भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांचा लेख १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि जगाला ‘बॉम्बे’ रक्तगट कळला.

‘ए’ आणि ‘बी’ ही चिन्हं ज्या पायावर उभी राहतात त्याला ‘एच’ म्हणतात. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो, वर इमारत नसते. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नसतो, म्हणून त्याच्या शरीराला ‘ओ’ रक्तही परकं. त्याला चालतं ते फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं. भारतात साधारण १० हजारांत एक अशी ही माणसं आहेत. युरोपात ती फारच विरळा. बहुतेकांना आयुष्यभर आपण ‘ओ’ आहोत असंच वाटतं आणि एखाद्या बाळंतपणात किंवा अपघातात, रक्ताची बाटली जुळेना तेव्हा घरच्यांची धावपळ सुरू होते. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं बॉम्बेच राहिलं. ज्यांच्या रक्तातून हे कळलं त्या रुग्णांची नावं मात्र कुठल्याच पुस्तकात नाहीत, आणि ते योग्यच आहे.

याच शहरात डॉ. रुस्तम जल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी केली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून ती उच्च रक्तदाबावर चालते हे दाखवलं. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्याकडे पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ गमावलेल्या बायका येत. प्रत्येकीची कहाणी ऐकून त्यांनी ओळखलं, की दोष गर्भात नाही, गर्भाशयाचं तोंड वेळेआधी सैल होतंय. बाईच्या स्वतःच्या मांडीतल्या पडद्याची पट्टी काढून त्यांनी ते तोंड बांधलं. १९५५ साली प्रसिद्ध झालेला तो ‘शिरोडकर टाका’ आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत घातला जातो.

या सगळ्यांत महागडं यंत्र कुठे आहे? मला तरी दिसत नाही. दिसतो तो रुग्णाचं नीट ऐकून, तपासून, वेळेसकट लिहिणारा डॉक्टर. आजही तालुक्याच्या गावी रोज शंभर-शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांपुढून पुस्तकात नसलेले आजार जात असतील. घाईत लिहिलेला केसपेपर खिडकीवर जातो, भिजतो, रद्दीत विकला जातो, आणि त्या रुग्णापासून शिकण्यासारखं जे होतं ते त्याच्याबरोबरच जातं. गावात काम करणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: दिवसातला एक तरी रुग्ण, जो कोड्यात टाकेल तो, वहीत सविस्तर लिहा. त्याची परवानगी घेऊन, नाव झाकून, तो सहकाऱ्यांपुढे ठेवा.

आणि वाचकांना एक. घरात कुणाला विंचू चावला तर तो मारून आणण्यात किंवा उतरवण्यात वेळ दवडू नका. उलटी झाली, घाम सुटला, हातपाय गार पडले, तर ठणका किती आहे याची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. प्राझोसिनची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. तिने दाब एकदम उतरू शकतो, रुग्णाला झोपवूनच ठेवावं लागतं. निघण्याआधी घड्याळ पाहा आणि चावल्याची वेळ, पहिल्या उलटीची वेळ एका कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर ती विचारणारच आहेत.