दम्याचा पंप : भीती सोडा, पद्धत शिका



सुगी सुरू झाली की मळणी यंत्राभोवती भुसकटाचा ढग उठतो. सोयाबीन, तूर, ज्वारी, पीक कोणतेही असो, धूळ नाकातोंडात जायचीच. त्यात बांधावरचे गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आता कुठे नाही ते विचारा! त्याच्या परागकणांनी कित्येकांना शिंका आणि धाप सुरू होते. ज्यांना मुळातच दमा आहे त्यांची छाती भरते, रात्री शीळ वाजल्यासारखा आवाज येतो, पहाटे खोकत उठून बसावे लागते.

मी डॉक्टर नाही, शेतीखात्यातला माणूस. पण गावोगाव हिंडताना लोक दम्याचा पंप कसा ओढतात ते पाहिले की फवारणीच आठवते. औषध चांगले, पंप चांगला, फवारा मात्र भलतीकडेच!

दोन पंप, दोन कामे

दम्यात श्वासनलिका आतून सुजते आणि आकसते. आकसलेली नळी मोकळी करणारा पंप बहुधा निळा असतो. त्यात साल्बुटामॉल असते. काही मिनिटांत आराम पडतो, पण सूज तशीच राहते. सूज उतरवणारा पंप वेगळा. त्यात ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांसारखे स्टिरॉइड असते. त्याचा गुण लगेच दिसत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे जावे लागतात. म्हणून लोक म्हणतात, "ह्यानं काय फरक पडंना," आणि तो फळीवर ठेवून देतात.

रोग येण्याआधीची फवारणी आपण करतोच ना? हा पंप तसाच. बरे वाटत असतानाही घ्यायचा. दम्यावर काम करणाऱ्या 'गिना' या जागतिक संस्थेने तर २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की, मोठी माणसे आणि १२ वर्षांवरील मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असे समजा आणि डॉक्टर गाठा. काहींना दोन्ही औषधे एकत्र असलेला पंप मिळतो. तो केव्हा, किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. पंपाच्या रंगावर विसंबू नका, औषधाचे नाव वाचा.

स्टिरॉइडची धास्ती

"स्टिरॉइड हाय म्हणं त्यात, सवय लागंल." हे वाक्य पारावर हमखास ऐकू येते. पंपाची सवय लागत नाही. हिशेब करून पाहा. २०० मायक्रोग्रॅमचे दोन दाब म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. प्रेडनिसोलोनची गोळी असते ५, १०, २० मिलिग्रॅमची. औषधे वेगळी असल्याने हा हिशेब तंतोतंत लागू नाही. पण पंपाचे औषध थेट छातीत जाते, तर गोळीचे आणि इंजेक्शनचे रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. एका झाडावर फवारायचे की सगळे रान भिजवायचे, एवढा हा फरक आहे.

गंमत अशी की पंपाला भिणारा माणूस धाप लागली की इंजेक्शन घेऊन येतो, नाहीतर नाव नसलेली पुडी खातो. त्यात काय आहे कोण सांगणार? स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार किंवा दीर्घकाळ घेतल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे.

पंपाचेही दोष आहेत. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. मुलांची उंची साधारण एखाद्या सेंटीमीटरने कमी भरू शकते. पण आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो आणि जिवावर बेततो. म्हणून डॉक्टर दमा ताब्यात आला की मात्रा कमी करत आणतात. ते काम त्यांच्यावर सोडा.

कोजागरीला खिरीतले औषध घेणारेही बरेच आहेत. श्रद्धा ज्याची त्याची, पण त्यापायी पंप बंद करू नका.

पंप असा ओढा

दाबाचा पंप आधी हलवा. श्वास पूर्ण सोडा. तोंडी ओठांत घट्ट धरा. सावकाश श्वास घेऊ लागताच एकदा दाबा आणि ओढत राहा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने.

मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर लावला तर घशात कमी, छातीत जास्त औषध जाते. लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तो हवाच.

कॅप्सूल घालून ओढायच्या पंपाची तऱ्हा उलटी. त्यात श्वास जोरात आणि खोल घ्यायचा, आत फुंकर मारायची नाही. ती कॅप्सूल गिळायची नसते!

स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर दर वेळी पाण्याने चूळ भरून थुंका. बुरशी टाळायचा हा बिनपैशाचा उपाय आहे.

दाबाचा पंप चुलीजवळ किंवा उन्हात ट्रॅक्टरवर ठेवू नका.

मळणीच्या दिवशी

दमेकऱ्याने मळणी यंत्राजवळ थांबू नये. थांबावेच लागले तर वारा येतो त्या अंगाला उभे राहावे, मास्क बांधावा, निळा पंप खिशात ठेवावा. गाजर गवत फुलण्याआधी उपटा, तेही हातमोजे घालून.

धापेमुळे एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे पडले, निळ्या पंपाने उतार पडेना, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे पंप घेत राहा.

पुढच्या तपासणीला जाताना पंप बरोबर न्या आणि तो ओढून दाखवा. फवारणी यंत्राचा नोझल आपण तपासून घेतो, मग छातीत जाणाऱ्या औषधाची पद्धत तपासून घ्यायला कसला संकोच?