तारा गंजल्या म्हणून सूर का गंजावा?

मैत्रिणींनो, देवाची तांब्याची भांडी आपण आठवड्याला घासतो, शिवणयंत्राला वेळच्या वेळी तेल देतो, लोणच्याची बरणी कोरडी आहे ना हे दहा वेळा बघतो. पण घरात मॅन्डोलिन, सतार किंवा तंबोरा असेल, तर त्याच्या तारा कधी नीट निरखून पाहिल्या आहेत का? गवसणीवरची धूळ झटकली की आपले काम संपले, असेच बहुतेक घरांत समजतात. वाद्य दिसते स्वच्छ. तारा मात्र आतल्या आत काळवंडत असतात.

मॅन्डोलिन हे मूळचे इटलीचे वाद्य, पण सिनेसंगीताने ते आपल्या घराघरांत आणले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी चित्रपटसृष्टीत मॅन्डोलिन वाजवत असत. संगीतकार सज्जाद हुसेन यांचा या वाद्यावरचा हात तर जाणकारांनी वाखाणलेला. पुढे दक्षिणेतल्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी लहान वयातच त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखवले. अशा या वाद्याला दोन-दोन तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लागाव्या लागतात. सगळी गोम इथेच आहे!

बेसूर कोण, मूल की तार?

मुलगी हौसेने मॅन्डोलिन शिकू लागते. पहिले काही महिने बरे जातात. मग घरचे म्हणू लागतात, “अगं, किती कर्कश वाजवतेस!” हळूहळू तिचा उत्साह मावळतो आणि “हिला सुराचं अंगच नाही” असा शिक्का बसतो. तो शिक्का मारण्याआधी एक गोष्ट करा. तारेवरून हलकेच बोट फिरवून पाहा. ती खरखरीत लागली, काळी किंवा तांबूस दिसली, तर दोष मुलीच्या कानाचा नसून तारेचा असण्याचा फार संभव आहे.

याचे कारण सोपे आहे. तार सगळीकडे सारख्या जाडीची आणि वजनाची असेल तरच तिचा सूर स्वच्छ निघतो. बोटांचा घाम, तेल, मृत त्वचा आणि धूळ यांचा थर बसला, कुठे गंज चढला, की ती एकीकडे जड आणि दुसरीकडे हलकी होते. मोकळी छेडली तर सुरात वाटते, पण पडद्यावर दाबली की सूर चुकतो. शिवाय रोज पडद्यांवर दाबून दाबून तारेला खालच्या बाजूने बारीक खाचा पडतात. मग जोडीतल्या दोन तारा कितीही पिळा, एकमेकींशी जुळत नाहीत. अशा वाद्यावर तासन्‌तास रियाज करणाऱ्या मुलाचा कान सुधारायचा कसा? उलट चुकीचाच सूर कानात बसायचा!

सोलापूरची हवा आणि आपले हात

सोलापूर पर्जन्यछायेतले. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तारा जितक्या झपाट्याने गंजतात तितक्या आपल्याकडे गंजत नाहीत, हे आपले भाग्यच. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा हाताला घाम येतो, आणि घामात मीठ असते. पोलादी तारेला मीठ लागले की गंजायला फार वेळ लागत नाही. मॅन्डोलिनची सर्वांत बारीक तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तिच्यावर गंजाचा एक ठिपका खोल गेला, तरी नेमकी तिथेच ती तुटते. त्यात आपल्याकडची धूळ आणि मागांच्या पेठांतला कापसाचा तूस यांची भर!

म्हणून पहिला नियम वाद्याचा नव्हे, हातांचा. वाजवण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे पुसायचे. चिवड्याचा बकाणा भरून कोणी थेट वाद्याकडे वळले, तर खुशाल दटावा. आपणही कणीक मळता मळता किंवा फोडणी देता देता मध्येच उठून वाद्य हातात घेऊ नये. हळद, मीठ, तेल ही तिन्ही तारेची वैरीच.

रोजची दोन मिनिटे

वाजवून झाले की वाद्य लगेच गवसणीत घालू नका. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा मऊ, धुतलेला, कोरडा तुकडा घ्या. आपल्या सोलापुरी टॉवेलची कीर्ती मोठी असली, तरी नव्या टॉवेलचे दोरे तारांत अडकतात; झिजून मऊ झालेलाच बरा. तार कापडाच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा ओढून पुसा. तारेची खालची बाजू विसरू नका, घाम आणि मळ तिथेच साचतो. शेवटी तारांखालून कापडाची पट्टी घालून पडद्यांवरची धूळही काढा. रोज वेगळे कापड लागत नाही, पण आठवड्याला ते धुवा. नाहीतर कालचाच मळ आज परत तारेला!

खालच्या सुरांच्या चार तारांवर दुसऱ्या बारीक तारेचे वेढे असतात. वेढ्यांच्या फटींत मळ बसला की आवाजाची चमक जाते. या तारा कोरड्या कापडाने जरा जोर देऊन चोळाव्यात. त्यांना तेल मुळीच लावू नये. तेल फटींत शिरते आणि धूळ धरून ठेवते. वेढे नसलेल्या पोलादी तारांना मात्र, वाद्य महिना-दोन महिने बंद राहणार असेल तर, शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब कापडावर घेऊन हलका हात फिरवावा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. तेल लाकडाला लागू देऊ नये.

हे मात्र करू नका

● पितळी तारा काळ्या पडल्या म्हणून चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. समई जाड असते, तिला ते सोसते. बारीक तारेला आंबट पदार्थ खातो आणि पावडरीची कचकच वेढ्यांत अडकून राहते.
● खोबरेल तेल लावू नका. ते चिकटते, धूळ धरते आणि पुढे खवट होते.
● ओला फडका फिरवू नका.
● स्पिरिट वाद्यावर सांडू देऊ नका. पॉलिश उतरते.
● वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आत दमटपणा कोंडतो. सुती गवसणीच उत्तम.

ठेवायचे कुठे?

स्वयंपाकघराला लागून नको, तिथे वाफ आणि फोडणीचा धूर असतो. पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच नको. आपल्या उन्हाळ्यात तिथे लाकूडसुद्धा तडकते. आतल्या खोलीतला कोपरा किंवा कपाट चांगले. औषधांच्या बाटल्यांत, नव्या चपलांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात. त्या टाकून न देता पेटीत ठेवा, फक्त लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे पाहा. पुष्कळ दिवस वाजवायचे नसेल, तर तारा थोड्या सैल करा, पण पार ढिल्या करू नका.

तारा बदलताना

कितीही निगा राखली तरी तार काही अमर नसते. आवाज बद्द झाला, खाचा हाताला लागू लागल्या, जोडी जुळेना, की बदलायची वेळ आली. जोडीतली एकच तार तुटली तरी दोन्ही बदला. नव्या-जुन्या तारांचे पटत नाही. सगळ्या तारा मात्र एकदम काढू नका. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. आठही तारांचा ताण मिळून साधारण सत्तर-ऐंशी किलो भरतो. तो एकदम निघाला की घोडी सरकते आणि सगळेच सूर बिघडतात. एक जोडी काढा, लावा, मग दुसरीकडे वळा. तारांची कापलेली टोके सुईसारखी असतात. ती कागदात गुंडाळून टाका, मुलांच्या पायात-डोळ्यांत जायला नकोत.

तंबोऱ्याचे थोडेसे

आपल्याकडच्या कितीतरी घरांतला तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांचे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात, हे किती जणींना ठाऊक आहे? म्हणजे तंबोरा जन्माने निम्मा आपलाच!

तंबोऱ्याच्या तारा कोरड्याच पुसाव्यात. पितळी खर्जाची तार हलक्या हाताने, कारण ती जुनी झाली की ठिसूळ होते. घोडीवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. जवारी स्वतः कधीही घासू नये, ते कारागिराचेच काम. तारेखालचा सुती दोरा, ज्याला ‘जीव’ म्हणतात, तो मळला किंवा झिजला तर बदलावा. गिरणगावात सुताला काय तोटा! उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या सुटतात, तेव्हा खुंटीला थोडा खडू चोळावा. पावसाळ्यात त्या फुगून घट्ट बसतात, तेव्हा जोराने पिळू नयेत.

आणि एक शेवटचे. कितीतरी जणी लग्नात माहेराहून वाद्य घेऊन येतात. मग संसार, मुले, सासू-सासऱ्यांचे करणे यात ते माळ्यावर जाते. वर्षांनी गवसणी उघडली की लालभडक तारा पाहून “आता काय उपयोग!” म्हणत आपण ते परत बांधून ठेवतो. तसे करू नका हं. भोपळा आणि लाकूड शाबूत असेल, तर गंजलेल्या तारा बदलता येतात. साऱ्या वाद्याच्या मानाने तारांचा संच हा अगदी किरकोळ खर्च. पुढची निगा रोजच्या दोन मिनिटांची. घरातल्या सगळ्यांसाठी आपण एवढी मिनिटे काढतो, त्यातली दोन आपल्या हौसेसाठी ठेवायला काय हरकत आहे?