कार्बनला किंमत लावली की संशोधन थांबतं का?

गैरसमज : कार्बनचे पैसे मोजावे लागले की कंपनी आधी संशोधनाच्या खर्चाला कात्री लावते.

युरोपात २००५ पासून कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार चालू आहे. राफाएल कालेल आणि आंत्वान देशेझलेप्रेत्र या अभ्यासकांनी त्यातल्या कंपन्यांची पेटंटं तपासली. २०१६ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की कमी कार्बनच्या तंत्रज्ञानातली पेटंटं सुमारे १० टक्क्यांनी वाढली आणि इतर संशोधन घटलं नाही.

मात्र तिथला भाव २०१३ च्या सुमारास टनाला ५ युरोच्या खाली गेला आणि २०२३ मध्ये १०० युरोच्या वर चढला. प्रयोगशाळेला दहा वर्षांचा हिशेब करावा लागतो. म्हणून किंमत किती, याइतकंच ती टिकेल का, हेही महत्त्वाचं.

गैरसमज : भारतात अशी किंमत कधी नव्हतीच.

कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला; २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. महिंद्रा समूहाने २०१६ मध्येच स्वतःच्या हिशेबात कार्बनच्या टनाला १० डॉलर अशी अंतर्गत किंमत धरली. कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली.

गैरसमज : किंमत लावली की तंत्रज्ञान आपोआप येतं.

पुण्याबाहेर पिरंगुटजवळ उरवड्याला प्राज इंडस्ट्रीजचं संशोधन केंद्र आहे. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तो प्राजच्याच तंत्रज्ञानावर. इथेनॉलला बळ मिळालं ते पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या उद्दिष्टामुळे आणि सरकारने ठरवलेल्या खरेदीदरामुळे. माल नक्की उचलला जाईल, ही खात्री आधी होती. पेंढ्याचं इथेनॉल अजून महाग पडतं. टिकाऊ कार्बन किंमत खरी कामी येईल ती इथे, असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज : हा मोठ्या कंपन्यांचा विषय, पिरंगुटच्या वर्कशॉपला त्याचं काय?

युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. तिच्या यादीत पोलादी नट-बोल्टही आहेत. पैसे तिकडचा आयातदार भरतो, पण आकडे इथल्या कारखानदाराकडे मागतो. ते मिळाले नाहीत, तर ठोक आकडा धरला जातो. नट-बोल्टातला बहुतेक कार्बन आपल्या यंत्रावर तयार होत नाही, विकत आणलेल्या पोलादातूनच येतो. म्हणून सळई घेताना ती कोळशाच्या झोतभट्टीतली की भंगार वितळवून केलेली, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यायला हवं.