किल्ला विकतचा की घरचा?

दिवाळी जवळ आली की मुलं किल्ल्यासाठी मागे लागतात, आणि बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मांडलेले दिसतात. घ्यावा का? आमचं म्हणणं, मावळे विकत घ्या, किल्ला घरीच करा.

मावळे, महाराज, तोफा हे कुंभाराच्या हातचं काम. नीट गुंडाळून ठेवले तर पुढच्या वर्षीही चालतात. मात्र आधी मावळे आणा, मग त्यांच्या मापानं दरवाजा करा. तयार किल्ल्याच्या दारातून कधी कधी मावळ्याचं डोकंही आत जात नाही!

किल्ल्याला लागतं काय? विटा, दगड, जुनं पोतं, माती. पोतं पातळ चिखलात बुडवून दगडांवर टाकलं की कडे नि घळी आपोआप पडतात. हिरवळीसाठी भिजवलेले अळीव लावा. भिजले की ते चिकट होतात, म्हणून उतारावरही धरून राहतात, मोहरी घरंगळते. चार-पाच दिवस आधी लावा. पाणी शिंपडा, ओतू नका, नाहीतर कडाच खाली येईल.

रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. तोफेचा मारा थेट दारावर बसू नये, म्हणून. ते वळण मातीत काढताना मुलीला आपसूक कळतं. हो, मुलीलाच म्हटलं. चिखलात हात काय फक्त मुलग्यांनीच घालायचे?

दिवाळी सरली की माती तुळशीला, विटा जागेवर. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. तो किल्ला माळ्यावर पडून राहतो.